मशीनला मारलेली थाप

हॅलो?… हॅलो, ओनोरीन?… हो, मीच. मीच दिला मिस्ड कॉल…

नाही गं, झालं नाही अजून ऑपरेशन… नाही, मेले पण नाही. मेल्यावर कोण मिस्ड कॉल देतं?… बरं, तुझ्या बापानं दिला असता. त्याला कुठे थांबायचं ते कधी कळलंच नाही.

हळूच बोलतेय. दवाखान्याच्या मागे आहे, कडुनिंबाखाली… हो, पळून आले… पळून म्हणजे चालत गं, भिंतीला हात लावत लावत. डोळ्यात औषध घातलंय ना, सगळं पांढरंफट्ट झालंय. जगावर कुणी पिठाचं पोतं झाडलंय असं वाटतंय.

अगं ऐक ना… ऐक… आधी ओरडायचं थांब. माझ्या हातून एक चूक झालीय.

नाही, कुणाला मारलं नाही… कोंबडी पण नाही चोरली!… मशीनला थाप मारली.

मशीनला… म-शी-न! डोळ्याचं… अगं तो कॉम्प्युटर असतो त्यांचा. हनुवटी टेकवायची, लाल ठिपक्याकडे बघायचं, की तो डोळा मोजतो. किती लांब, किती गोल. मग त्यातलं ते… काय म्हणतात… हां, सॉफ्टवेअर. ते सांगतं कुठल्या नंबरची लेन्स बसवायची… मोतीबिंदू काढला की त्या जागी बसवतात ती गं. आणि एकदा बसली की बसली. चष्मा आहे का, आवडला नाही म्हणून शेळीच्या गळ्यात घातला?

तर मशीनवर बसलेला माणूस निघाला सावादोगो आडनावाचा…

हां! मोस्सी!… हसू नकोस… हसू नकोस म्हणते ना. तू मोस्सीशी लग्न केलंस म्हणून तुझी जीभ बोथट झाली. मी अजून सामो आहे, मोस्सी दिसला की टोला हाणायचाच, आज्यापणज्यांपासूनचं थट्टेचं नातं आहे आपल्या दोन जमातींचं.

त्यानंच सुरू केलं. म्हणाला, ये गं माझ्या गुलामा, बस इथं. आता मी काय गप्प बसू? मी म्हटलं, गुलाम तुझा आजा, माझ्या आज्यानं त्याला कुत्र्याच्या मुंडक्याच्या बदल्यात घेतला होता, आणि मुंडकं परत मागायला गेला तर ते अर्धं तुझ्या आज्यानं खाल्लेलं… हो ना? सगळी रांग हसली. शेजारचे ते म्हातारे मास्तर तर खोकायलाच लागले.

मग तो विचारत गेला आणि मी सांगत गेले. वय काय? म्हटलं, तुमचा राजा रांगत होता तेव्हा मी त्याला पहिली थोबाडीत दिली, कर हिशेब… काम काय करतेस? म्हटलं, मोस्सी पाळते… आणि मग विचारलं, आजी, ह्या डोळ्याचं आधी काही झालंय? लेझर वगैरे?

आता तूच सांग, सामोनं मोस्सीला साधं ‘नाही’ म्हणायचं?… ‘नाही’ म्हटलं की हरलेच ना मी! रांग ऐकत होती.

म्हटलं, झालंय की. आबिजानला.

हो… हो… अगं तुला आठवतंय ना मी ज्या लेबनानी मॅडमकडे स्वयंपाकाला होते, तिचं झालं होतं लेझर. मी बाहेर तिची पर्स धरून बसले होते. तेच सगळं उचललं आणि माझ्या डोळ्यावर बसवलं. लाल उजेड सांगितला. केस जळल्यासारखा वास येतो तो सांगितला. डॉक्टर ‘हलू नका’ म्हणाला आणि मी श्वास इतका रोखला की बाहेर पंखे बंद पडले, ते सांगितलं. वर म्हटलं, त्यानंतर किनाऱ्यावर उभी राहिले की समुद्रापलीकडच्या बायकांच्या कानातले दिसायचे. कुणाचे सोन्याचे, कुणाचे पितळेचे.

नाही, कानातल्यांवर नाही विश्वास बसला त्याचा. बाकीच्यावर बसला!

तेच तर सांगतेय, ओनोरीन. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. मी थाप कशी मारते? समोरच्याच्या तोंडाकडे बघत मारते. ओठ हलला की दोर सैल सोडायचा, भुवई चढली की खेचून घ्यायचा. साठ वर्षं हेच केलं. ह्याचं तोंड म्हणजे माझ्यापुढे नुसतं मडकं! आतून ‘हं… हं…’ ऐकू येत होतं. मला वाटलं, गडी मजा घेतोय. तो टाइप करत होता गं.

मग म्हणाला, एकदम मायेनं, आजी, बरं झालं सांगितलंत. लेझर झालेल्या डोळ्याला नेहमीचं गणित चालत नाही. सॉफ्टवेअरला तसं सांगावं लागतं, मग ते दुसरं गणित करून दुसरा नंबर काढतं. मी म्हटलं, आणि समजा लेझर झालंच नसेल, आणि कुणी झालंय म्हणून सांगितलं असेल, तर? तो हसला. म्हणाला, मग नाकाच्या शेंड्यापुढे सगळं धुकं. पण इतकं वेडं कोण असतं?

…

आहे. आहे मी लाइनवर.

नाही, लगेच सांगितलं. तिथल्या तिथे सांगितलं! म्हटलं, बाळा, मी खोटं बोलले. तो इतका हसला, इतका हसला की खुर्ची वाजली. म्हणाला, सामो मोस्सीपुढे खरं कबूल करतोय, आज नदी उलटी वाहणार. मी म्हटलं, देवाशपथ. तो म्हणाला, कुठल्या देवाची, ज्वारीची दारू, दोलो, पिणाऱ्या की न पिणाऱ्या? म्हणाला, ऑपरेशन टाळायला बघतेस काय? केस जळल्याचा तो वास कुणाला मनानं सुचतो होय? तो ज्याच्यावर बेतलंय त्यालाच माहीत.

इतकी चांगली झाली होती गं माझी थाप. आयुष्यातली सगळ्यात चांगली. आणि ती मारायची तर कुणाला मारली!

नाही कळत, मशीनला नाही कळत. मशीन ना सामो ना मोस्सी. त्याच्याशी कुणाचं थट्टेचं नातंच नाही. सांगाल ते खरं धरतं, खालमानेनं, नवऱ्याच्या घरी पहिल्यांदा आलेल्या सुनेसारखं.

डॉक्टरीणबाईंना?… गेले होते. दारात नर्सनं अडवलं. म्हणाली, आत जायची वेळ आली की सगळेच काहीतरी सांगतात, मागच्या गावात एकजण म्हणाला मी देवाला विचारून येतो, तो अजून आला नाही. आणि डॉक्टरीणबाई परक्या देशातल्या, बेनिनच्या, त्यांना कुठलं आपलं थट्टेचं नातं ठाऊक. त्यांना काय सांगू, ‘बाई, तो मोस्सी म्हणून मी असं बोलले’? त्या म्हणतील हिला डोळ्याचा नाही, डोक्याचा डॉक्टर बघू द्या.

घरी परत येऊ?…

ओनोरीन, घरी येऊन काय करू? डावा तर गेलाच. हा एकच उरलाय, आणि त्यातही आता दूध पडलंय. परवा मी अंगणात शेजारणीशी गप्पा मारत बसले. चांगली अर्धी दुपार. तिच्या सुनेबद्दल सगळं बोलून घेतलं. मग कळलं तो पाण्याचा रांजण होता… हो, हसायला ठीक आहे. सुनेनं सगळं ऐकलं, ते वेगळंच. पण पुढच्या वर्षी मला रांजणही दिसणार नाही. आणि गावोगाव फिरणारं हे डोळ्यांचं पथक पुन्हा कधी येईल, कुणाला ठाऊक?

आणि आत गेले, त्यांनी ती दुसऱ्या गणिताची लेन्स बसवली, तर कायमचं धुकं. आता निदान म्हणता तरी येतं की बरं होईल. मग तेही नाही…

मी नाही रडत. औषध आहे ते डोळ्यातलं.

मला वाचता येत नाही, शिवता येत नाही, माझं काही अडत नाही. पण माणसाचं तोंड दिसलं नाही तर मी गोष्ट कुणाला सांगू? भिंतीला? पोरं पुढ्यात बसतात, मला त्यांचे डोळे मोठे झालेले दिसत नाहीत, कुठे थांबायचं कळत नाही. मागे त्या धाकटीला मी मगरीची गोष्ट सांगत राहिले आणि ती केव्हाच भीतीनं रडत होती. आवाज न करता. मला दिसलंच नाही गं.

…थांब.

शूऽऽ. चपला वाजतायत… तोच. मला शोधतोय. ‘ए गुलामा, तुझा नंबर आला’ म्हणून ओरडतोय.

काय करू? लवकर सांग… तू बोलतेस? बोल, बोल. तू शिकलेली आहेस. नीट सांग त्याला.

ये रे बाबा, ये. इथेच आहे मी… पळून कशाला जाईन, झाडाला टेकू देत होते. ऐक, ही माझी मुलगी. राजधानीत, वागादुगुला असते, बँकेत असते. घे, कानाला लाव… लाव ना… फोन मी धरते, तू नुसता ऐक.

…

हसतोस काय?… काय म्हणाली ती?… नाही, हसण्यासारखं काय म्हणाली?

ओनोरीन? काय सांगितलंस तू त्याला?… बरोबर सांगितलंस… मग?… हा म्हणतो, सामोनं खोटं बोलावं आणि सामोच्या पोरीनं साक्ष द्यावी, वा!… अगं, लग्नानंतरही सामो आडनाव लावतेस, तेच सांगतं ना सगळं!

नोबिलाला?… नाही नको. तुझ्या नवऱ्याला नको… मोस्सी मोस्सीचं ऐकेल हे खरं, पण… लग्नात मी त्याच्या ताटात काय वाढलं होतं विसरलीस का?… बरं. बरं, दे. पण आधी त्याला सांग की हे खरं आहे… सांगितलंस? नीट सांगितलंस?

सावादोगो, थांब, जाऊ नकोस. आता माझा जावई बोलतोय. तुमच्यातलाच आहे, अस्सल मोस्सी, आळशी आणि उंच. तो सांगेल. ऐक.

…

हं?… काय म्हणाला?

काय?

नोबिला!… नोबिला, काय सांगितलंस तू ह्याला?… ‘मीच नेलं होतं सासूबाईंना लेझरला’?… अरे मेल्या!… अरे, तू तेव्हा शाळेत चड्डी सावरत होतास!… हसू नकोस. तुम्ही दोघं हसू नका. नोबिला, ऐक, तुझ्या पाया पडते, तू एकदा… हॅलो? हॅलो?

ओनोरीन?… घेतलास फोन? घेऊन ठेव. त्याला आता देऊ नकोस… हो, रागव त्याला. पण आता काय उपयोग? हा म्हणतो, झालं, साक्षीदार मिळाला, चल. माझं कोपर धरलंय त्यानं.

सोड… जरा सोड. उभं नको करूस मला. नाही, थट्टा नाही. आधी ऐक माझं.

ओनोरीन, फोन ठेवू नकोस. ऐकत राहा नुसती.

सावादोगो. बाळा. खाली बस माझ्याजवळ… बस ना… बसलास का? मला दिसत नाही तू बसलास की नाही.

हे बघ. माझी आई गेली तेव्हा तुमचे लोक आले होते. तिच्या चटईवर लोळले. तिच्यासारखे लंगडत चालले, तिची चिलीम ओढली. म्हणाले, म्हातारी, ऊठ, नाटकं पुरे. आणि मी हसले. आई समोर पडलेली आणि मी हसले, कारण तेव्हा हसायचंच असतं. त्यानंच माणूस तरतो. मी आजवर एकाही मोस्सीपुढे रडले नाही.

आज मला हसू येत नाहीये.

तू हसतोयस का आत्ता?… मला कळत नाही रे! तुझं तोंड दिसत नाही मला. सकाळीही दिसत नव्हतं, म्हणून तर हे सगळं झालं. ते लेझर माझ्या मालकिणीचं होतं. मी बाहेर बाकावर बसले होते. वास दारातून आला होता. माझ्या डोळ्याला कुणी काही केलेलं नाही, कधीच नाही, काजळसुद्धा नाही. तू ते मशीनमधून काढ. मी भ्यायलेय. इथे हात लाव, गळ्याला. ही नस बघ. ही थाप मारते का?

…

…

ओनोरीन, गप्प झाला.

हो, हात काढला त्यानं… उठला… अरे, कुठे चाललास? सावादोगो!… पळाला गं. चपला हातात घेऊन पळाला बहुतेक, पायांचा नुसता थपथप आवाज आला.

माहीत नाही. मला काय माहीत? दवाखान्याकडे गेला… तू आहेस ना?… बोल काहीतरी… नको, काही बोलू नकोस.

बाजूला कुणीतरी रश्शात घालायचा सुंबाला कुटतंय, वास येतोय का तुला?… फोनमधून कसा येईल, बरोबर.

ओनोरीन, समजा ते लोक म्हणाले की ही म्हातारी खोटारडी, हिला घरी पाठवा… नाही, म्हणू शकतात. मी त्यांच्या जागी असते तर म्हणाले असते… समजा त्यांनी ती लेन्स आधीच काढून ठेवली असेल, आता बदलता येत नाही म्हणाले तर?… अगं तुला काय माहीत ‘येते’ म्हणून, तू बँकेत असतेस!

आला. थांब, आला. धापा टाकतोय.

काय?… सांग ना… श्वास घे आणि सांग.

विचार. विचार परत… इथेच विचार… वय? बहात्तर असेल, त्र्याहत्तर. दुष्काळाच्या आधीचा जन्म, एवढंच आई सांगायची… काम? काही नाही. पोरांना गोष्टी सांगते… नाही. नाही झालं. लेझर नाही… मार नाही लागला… ह्या डोळ्याला नाही. डाव्याला काटा… हो. हो. नाही.

ओनोरीन, किती बेचव लागतं गं हे असं बोलणं. बिनमिठाच्या रश्शासारखं.

काय म्हणतोस?… डॉक्टरीणबाईंना सांगितलंस? काय म्हणाल्या?… मग?… नवीन गणित केलं?… वेगळा आला? किती वेगळा?… इतका?

इतका वेगळा आला, ओनोरीन.

आणि त्या नंबरची आहे का तुमच्याकडे?… आहे की नाही, मान हलवलीस तर मला दिसत नाही रे, तोंडानं सांग!… आहे. आहे म्हणतो. पेटीत तळाला होती. डॉक्टरीणबाईंनी स्वतः बघून घेतली.

हो… हो, निघाले. उठतेय. तो धरतोय मला… नाही, बरी आहे मी.

सरळ चाल रे, खड्डा आहे का?… बोलत का नाहीस?

ओनोरीन… हा बोलत नाहीये… काहीच नाही. कडुनिंबापासून दारापर्यंत आलो, एक शब्द नाही. गुलाम म्हणाला नाही, म्हातारी म्हणाला नाही. ‘पायरी आहे’ एवढंच म्हणाला. ‘आजी, पायरी आहे.’ इतक्या हळू!

मला नाही आवडत हे. मोस्सी मढ्यापुढेसुद्धा थट्टा करतो गं. हा मी जिवंत असताना गप्प आहे. म्हणजे काय समजायचं?… काहीतरी लपवतोय का? ती लेन्स नसेल का? मला धीर यावा म्हणून ‘आहे’ म्हणाला का?… हो, तसं असू शकतं.

सावादोगो, शिवी दे मला… दे ना. काहीही. माझ्या बापावरून दे… असा गप्प राहिलास तर मी ह्या दारातून आत जाणार नाही. इथेच बसेन पायरीवर, आणि सगळ्या रांगेला सांगेन तुमच्या घराण्यात… हां, बोल… मोठ्यानं… काय?

हा, हा! ऐकलंस?… नाही ऐकलंस? म्हणतो, उद्या पट्टी सोडायला तो स्वतः येणार आहे, सगळ्यांना बाजूला सारून. म्हणजे सामो बाईला जन्मात एकदा तरी देखणा पुरुष बघायला मिळेल!… अगं, आणि म्हणतो, बघून लाज वाटली तर परत मोतीबिंदू घालून देऊ!

हो… हसतेय मी… हो गं, बरं वाटलं. जाते आता आत. फोन नर्सकडे देते, ती पिशवीत ठेवेल.

ओनोरीन… एक सांगू? तो हसला आत्ता, मोठ्यानं हसला. पण माझा दंड धरलेला त्याचा हात थरथरतोय. अजून थरथरतोय… नाही, माझा नाही. त्याचाच. मला काय दुसऱ्याचा हात कळत नाही?

रागवू कशाला? पोर भेदरलंय. त्याला आत्ता दिसलं असेल काय होता होता राहिलं ते… त्याला आई आहे की नाही, कुणास ठाऊक.

ठेव तू फोन… हो, हो, उद्या बोलू… ठेव गं बाई, दार उघडलंय. ह्याला असा थरथरता आत नेऊन चालायचं नाही. चार पावलं आहेत अजून, तेवढ्यात त्याला एक थाप मारते. छोटीशी.